आधी पाणी



दारी आलेल्याच्या हातात आधी गूळपाणी द्यायचं, मग ख्यालीखुशाली विचारायची, ही आपली जुनी रीत. म्हैसूरला आल्यावर कळलं की कन्नड घरांतही ‘बेल्ला-नीरु’ असंच पुढे येतं. पाहुण्याला पाणी मागावं लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र ते मागावं लागतं, आणि म्हातारपणी पाणी मागायची आठवणच शरीर करून देत नाही. यंदाच्या दिवाळी अंकात ज्येष्ठांच्या आरोग्यावर विशेष विभाग आहे, तो या एका गोष्टीमुळे.

गेल्या दिवाळीत बोगादीच्या आमच्या घरी पाहुण्यांचा राबता होता. त्यांच्यासाठी किती तांबे भरले याची मोजदाद नाही. त्याच चार दिवसांत ऐंशी वर्षांची आई आतून कोरडी पडत गेली. भाऊबीजेच्या दुपारी ती मला तिच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. वय झालं, विसरायला लागली, असं आम्ही आपसांत कुजबुजलो. डॉक्टरांकडे नेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कालपासून लघवीला कितीदा गेल्या?” घरात सहा माणसं, एकालाही सांगता आलं नाही. जीभ कोरडी होती, उभं केल्यावर रक्तदाब उतरत होता. रक्ततपासणीने खात्री पटली. दोन दिवस सलाईन लागलं आणि तिसऱ्या दिवशी तिने मला माझ्या नावाने हाक मारली. मग कारण कळलं. घर भरलेलं, संडास सतत अडलेला, गुडघे दुखणारे. वरचेवर उठायला नको, म्हणून तिने पाणीच कमी केलं होतं. आणि खरं म्हणजे, तिला तहान लागलीच नव्हती.

हे तिच्या एकटीचं नव्हतं. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट तरुण आणि 67 ते 75 वर्षांचे निरोगी पुरुष 24 तास पाण्याविना राहिले. नंतर समोर पाणी ठेवल्यावर वयस्कर पुरुषांना तहान कमी जाणवली आणि ते पाणीही कमी प्यायले. त्यात वयाबरोबर अंगातला पाण्याचा साठा घटतो, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद उतरते आणि अनेकदा रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू असतात. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जीव गेले, तेव्हा उन्हाची धास्ती सगळ्यांनी घेतली. पण म्हैसूरच्या आल्हाददायक हवेत, सावलीत, खुर्चीवर बसलेलं माणूसही कोरडं पडू शकतं, ही धास्ती आपण अजून घेतलेली नाही.

ओळखायचं कसं? कातडी चिमटीत धरून पाहण्याची युक्ती या वयात फसते, कारण त्वचा एरवीच सैल असते. ‘एकाएकी’ हा शब्द लक्षात ठेवावा. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने सावकाश वाढतो. दोन-तीन दिवसांत आलेला गोंधळ, ग्लानी, उठताना चक्कर, कमी झालेली लघवी, कोरडी जीभ यांना ‘वयाचं’ म्हणून सोडून देऊ नये. माणूस गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. सरळ रुग्णालय गाठा.

उपायांतही एक फरक आहे. नुसतं कमी प्यायल्याने कोरडेपणा आला असेल, तर पाणी, ताक, पेज, चहा, जे आवडेल ते थोडंथोडं आणि वारंवार पाजावं. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर पाण्याबरोबर क्षारही गेलेले असतात, तिथे ओआरएसच हवं. 1971 च्या बांगलादेश युद्धकाळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हेच पाणी कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आणलं. साखर आतड्यातून मिठाला आत घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जातं, एवढंच त्यातलं मर्म. प्रमाण चुकलं तर ते मर्म हरवतं. म्हणूनच ऑक्टोबर 2025 मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) प्रमाणित सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. ओआरएसच्या पुडीवर लिहिलेलं असेल तितक्याच पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी.

युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार वयस्कर स्त्रियांनी दिवसाला निदान 1.6 लिटर आणि पुरुषांनी 2 लिटर पेयं घ्यावीत. चहा-कॉफी, दूधही त्यात धरलं जातं. हृदय वा मूत्रपिंडांचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. पाणी पिताना ठसका लागतो म्हणून कुणी पेला परत करत असेल, तर त्याला हट्ट समजू नका. पक्षाघातानंतर वा पार्किन्सनमध्ये गिळणंच अवघड होऊ शकतं. त्यावरचे उपचार आपल्या म्हैसूरच्या मानसगंगोत्रीतल्या वाक्‌-श्रवण संस्थेत होतात.

बाकी सगळं घराच्या मांडणीत आहे. हाताशी तांब्या, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा, भिंतीला धरायला दांडी. पडण्याची आणि ओशाळण्याची भीती गेली, की पेला आपोआप रिकामा होतो. आमच्याकडे आता शेव-चिवड्याच्या ताटलीआधी आईचा पेला भरतो आणि पाहुण्यांआधी संडासाला जायचा मान तिचा असतो.

  पुढचं पान उलटण्याआधी एवढं करा. आतल्या खोलीत एक पेला घेऊन जा. तहान लागली का, असं विचारू नका. पेला हातात द्या आणि तो संपेपर्यंत शेजारी बसा.

— संपादक
बोगादी, म्हैसूर