विमानाला मुभा, उतारूला मज्जाव

शिकागो येथे १९४४ च्या डिसेंबरात नागरी विमान वाहतुकीची जी आंतरराष्ट्रीय घडी बसविण्यात आली, तिच्यात एका छोट्या पण महत्त्वाच्या कराराचा समावेश होता. तो मान्य करणाऱ्या देशांच्या विमानांना एकमेकांच्या आकाशातून उडत जाण्याची आणि इंधन भरण्यासारख्या कारणासाठी एकमेकांच्या भूमीवर उतरण्याची मुभा त्याने दिली. यंत्राला अशा रीतीने वाटसरूचा हक्क मिळाला. त्या यंत्रात बसलेल्या माणसाला मात्र तो आजतागायत मिळालेला नाही. वाटेतल्या देशात त्याला विमान बदलू द्यावयाचे की नाही, हे प्रत्येक देश आपापल्या सोयीने आणि बहुतांशी त्याच्या पासपोर्टाचा रंग पाहून ठरवितो.

हा प्रश्न पूर्वी थोड्यांचा होता. आता परदेशप्रवास ही मूठभर धनिकांची मिरास राहिलेली नाही. शिक्षकाचा मुलगा कॅनडात शिकावयास जातो, कारकुनाची मुलगी युरोपात नोकरी करते आणि त्यांना भेटावयास जाणारे आईवडील भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून तिकिटे काढतात. अशा घरात चार पैसे वाचविण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. मुंबईपासून मुक्कामापर्यंतच्या एका सलग तिकिटापेक्षा दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटे पुष्कळदा स्वस्त पडतात. परंतु या स्वस्ताईमागे एक कायदेशीर खाच आहे आणि ती ध्यानात येते ती बहुधा विमानतळावर, निघण्याच्या घटकेला.

एक उदाहरण घेऊ. कॅनडाचा वैध व्हिसा असलेला विद्यार्थी फ्रँकफुर्टमार्गे टोरांटोला निघाला आहे. त्याचे तिकीट सलग असेल, तर त्याचे सामान मुंबईला टाकले की थेट टोरांटोला मिळते. फ्रँकफुर्टला तो विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय कक्षातच राहून दुसऱ्या विमानात बसतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार कॅनडाचा वैध व्हिसा जवळ असणाऱ्याला अशा संक्रमणासाठी विमानतळ-व्हिसाही लागत नाही. आता याच विद्यार्थ्याने मुंबई ते फ्रँकफुर्ट आणि फ्रँकफुर्ट ते टोरांटो अशी दोन स्वतंत्र तिकिटे घेतली आहेत, असे समजा. सामानावर चिठ्ठी लागते ती फ्रँकफुर्टचीच. ते उतरवून घेण्याचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. म्हणजे सामानासाठी त्याला जर्मनीत प्रवेश करावा लागणार आणि प्रवेशासाठी शेंगेन व्हिसा हवा. विद्यार्थी तोच, विमाने तीच, आसनेही कदाचित तीच. बदलले ते केवळ तिकीट. एका कागदाचे दोन कागद होताच कायद्याच्या दृष्टीने वाटसरूचा पाहुणा झाला.

सामान हातातच ठेवले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. पहिल्या कंपनीच्या लेखी त्याचा प्रवास फ्रँकफुर्टला संपतो. तेथे उतरण्याचा परवाना दाखवा, असे तिने म्हटले तर तिला दोष देता येत नाही. ब्रिटनने या दोन अवस्थांसाठी दोन निराळे व्हिसे ठेवले आहेत. विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणाऱ्याचा व्हिसा वेगळा आणि सीमा ओलांडून बदलणाऱ्याचा वेगळा. हीथ्रोला उतरून गॅट्विकहून निघणारा प्रवासी साहजिकच दुसऱ्या वर्गात मोडतो. अमेरिकेत तर हा भेदही नाही. विना व्हिसा संक्रमणाची सवलत तिने ऑगस्ट २००३ मध्ये स्थगित केली. तेव्हापासून न्यूयॉर्कला विमान बदलून टोरांटोला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला, तिकीट सलग असो वा सुटे, अमेरिकेचाही व्हिसा घ्यावा लागतो.

हे सारे ठरवितो कोण? नियम परक्या सरकारचा. परंतु तो अमलात आणतो मुंबईच्या काउंटरवर बसलेला विमान कंपनीचा कर्मचारी. कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी आणून सोडल्यास कंपनीला दंड करण्याचा कायदा ब्रिटनने १९८७ मध्ये केला. दंड माणशी एक हजार पौंडांचा होता. भारतानेही २००० मध्ये तसाच कायदा करून एक लाख रुपयांचा दंड ठेवला. पुढे २०२५ च्या परकीय नागरिकविषयक नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. परिणाम असा की, राष्ट्रांच्या सीमा त्यांच्या भूमीवरून उठून आपल्या विमानतळावर येऊन बसल्या आहेत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ‘टायमॅटिक’ या माहितीसंचात पाहून कर्मचारी होकार वा नकार देतो. शंका आली की नकार देणे कंपनीच्या दृष्टीने स्वस्त असते. त्या नकारावर उभ्या जागी अपील नाही. दुसऱ्या कंपनीला तर पहिल्या तिकिटाशी कर्तव्यच नसते. विमान निघून जाते आणि दोन्ही तिकिटांचे पैसे बहुधा बुडतात.

वाटेवरचे देश यावर जे म्हणतात ते सर्वस्वी निराधार नाही. विमान बदलण्याच्या निमित्ताने उतरून कागद फाडून टाकणारे व तेथेच ठाण मांडणारे लोक असतात आणि त्यांना आवर घालणे हा राज्याचा अधिकार आहे. पण ज्या विद्यार्थ्याची छाननी करून कॅनडाने त्याला प्रवेश दिला आहे, त्याच्याविषयी हा संशय कशासाठी? राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९२० साली पॅरिसमध्ये पासपोर्टांविषयी परिषद भरली होती. मुक्कामाच्या देशाचा व्हिसा दाखविताच संक्रमणाचा व्हिसा चौकशीवाचून तात्काळ द्यावा, अशी शिफारस तिने केली. महायुद्धाने पोळलेल्या, परस्परांविषयी संशयाने ग्रासलेल्या राष्ट्रांना तेव्हा जे शहाणपण सुचले, ते शंभर वर्षांनी जड का जावे? सलग तिकिटाच्या बाबतीत युरोपने या तत्त्वाच्या दिशेने पाऊल टाकले आहेच. तेच तत्त्व दोन तिकिटांना, काही तासांच्या मर्यादेत आणि पुढचे निश्चित तिकीट पाहून, लागू करणे अशक्य नाही.

हे होईल तेव्हा होईल; एक गोष्ट मात्र आपल्या सरकारच्या हातात आज आहे. तिकिटे विकणारे कित्येक दलाल व संकेतस्थळे दोन कंपन्यांची तिकिटे शेजारी मांडून ती एकच प्रवास असल्यासारखी विकतात. सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावे लागेल, हे कोठेतरी बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते आणि व्हिसाची जबाबदारी प्रवाशाची, हे त्याहून बारीक. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा आपल्याकडे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयही आहे. पैसे घेण्यापूर्वी ‘हे दोन स्वतंत्र करार आहेत, मधल्या देशात प्रवेश करावा लागेल, त्यासाठी व्हिसा पाहा’ ही तीन वाक्ये ठळक अक्षरांत आणि प्रवाशाला कळणाऱ्या भाषेत दाखविण्याची सक्ती का होऊ नये? विक्रेत्याला मार्ग जुळविता येतो, तर त्या मार्गातला खड्डा दाखविणेही त्याला जमले पाहिजे.

मुत्सद्देगिरीच्या पातळीवरही काही घडू शकते. भारतीयांना विमानतळ-व्हिसातून सूट देण्याचे जर्मनीने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केले, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि ही सूट विमानतळाच्या आत राहणाऱ्यासाठी आहे; सामान घेण्यास बाहेर पडणाऱ्याला तिचा उपयोग नाही. यापुढच्या वाटाघाटींत सुट्या तिकिटांचा प्रश्न आपण आवर्जून मांडला पाहिजे.

मात्र दुसऱ्याच्या दारी हा आग्रह धरताना आपलेही दार पाहावे लागेल. चोवीस तासांच्या आत पुढे जाणाऱ्या आणि विमानतळ न सोडणाऱ्या परकीय प्रवाशाकडे आपण व्हिसा मागत नाही. पण सामान उचलण्यासाठी तो इमिग्रेशनकडे आला की आपलीही भाषा फ्रँकफुर्टचीच होते. मुंबईच्या जोडीला २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. एकावर उतरून दुसऱ्यावरून परदेशी निघणाऱ्या परकीयाची गत हीथ्रो-गॅट्विकच्या प्रवाशाहून निराळी होणार नाही. अशा वाटसरूसाठी काही तासांचा, साध्या शुल्काचा परवाना जागच्या जागी देण्याची व्यवस्था आपण आधी करून दाखवावी. स्वतःच्या उंबरठ्यावर वाटसरूला वाट देणाऱ्या देशालाच इतरांकडे ती अधिकाराने मागता येते.