तुमचा बुद्ध ओरिजिनल नाही म्हणे!

परवा जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाला, "तुमचा बौद्ध धर्म ओरिजिनल नाही ना रे?" मी गोंदियाचा, बुद्धवंदना ऐकत वाढलेला. तेव्हा गप्प बसलो, पण डोकं सटकलं. म्हणून हा शनिवारचा उद्योग.

फरक आहेत, आणि चांगले मोठे आहेत. परंपरा सांगते, म्हातारा, रोगी, प्रेत नि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं. बाबासाहेब विचारतात, 29 वर्षं त्याला हे दिसलंच नव्हतं? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) मध्ये कारण वेगळं आहे: रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं भांडण, आणि सिद्धार्थाचा युद्धाला विरोध. थेरवादात चार आर्यसत्यं म्हणजे पाया. बाबासाहेबांना ती मूळ शिकवणीतली आहेत का याचीच शंका. गेल्या जन्मीच्या कर्माची फळं तर साफ अमान्य. का? 'तुझी अस्पृश्यता तुझंच पूर्वसंचित' हे ऐकून पिढ्या गेल्या होत्या.

आमच्यातलेही काही 'सगळं एकच हो' म्हणून वेळ मारून नेतात. कशाला? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञा काय श्रीलंकेहून आल्या होत्या? त्या बाबासाहेबांच्याच.

आता 'ओरिजिनल'बद्दल. कालामांना बुद्धाने सांगितलं, केवळ परंपरा आहे म्हणून काही मानू नका. मग परंपरेला प्रश्न विचारणारा नकली कसा?

असो. सोमवारी डबा खाताना त्याला हेच सांगणार आहे.