कंबर नको, कान द्या!

हवाई म्हटलं की गवताचा स्कर्ट, हलणारी कंबर आणि हातात कॉकटेल, बरोबर ना? पण बॉस, मूळ हुलामध्ये शब्द मोठा! पठण, भोपळ्याच्या वाद्याचा ठेका आणि हातांनी सांगितलेल्या कथा. लिपी नव्हती तेव्हा राजांच्या वंशावळीही यातूनच जपल्या गेल्या. १८३० मध्ये राणी काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी आणली. १८८३ मध्ये राजा कालाकाउआने आपल्या राज्याभिषेकात तो दिमाखात परत आणला.

वायकिकीतला कोडॅकचा हुला शो (१९३७ ते २००२) मात्र भर दिवसा व्हायचा, कारण फोटो छान यायला हवेत! आणि लुआऊ पार्टीतला आगीचा नाच? तो तर सामोआचा. त्या कलाकारांना मी नावं ठेवणार नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण बुकिंग करणार असाल, तर हिलोच्या मेरी मोनार्क महोत्सवाच्या तारखा आधी बघा.