भोपळ्याची चीर उस्तादांना सांगा

मिरजेत तंतुवाद्यांचा धंदा रुजला तो फरीदसाहेब शिकलगारांपासून. हत्यारांचे काम करणाऱ्या या घराण्याने सतार-तंबोरा घडवला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आता खराब वाद्य बाहेर गेले तर नाव एका दुकानाचे नव्हे, साऱ्या मिरजेचे जाते.

भोपळा कोरताना शागीर्दाच्या हातून चीर पडली, तर त्याच घटकेला उस्तादांना सांगावे. तेव्हा भोपळा बदलता येतो. लाख भरून, वर पॉलिश मारून झाकली, तर तारा चढल्यावर ती गिऱ्हाइकाच्या घरी उघडण्याची भीती.

साताऱ्याच्या गॅरेजांतही हेच. नट ढिला राहिला हे पोरगा बोलत नाही. बोलला की शिवी आणि पगारात कपात ठरलेली! आम्हांला यात मालकाचाच दोष मोठा दिसतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण गिऱ्हाइकापुरती सांगतो. ती कारखान्याच्या आतही लागू आहे. पोराने आपणहून सांगितले, तर भोपळ्याचे पैसे दुकानाने सोसावेत. लपवले तर मात्र जाब जरूर विचारावा.