सव्वा महिन्यानंतरची आई

बाळंतपणानंतरच्या काळजीच्या अनेक मुदती महाराष्ट्रात जवळजवळ एकाच सुमारास संपतात. घरच्या रीतीप्रमाणे बाळंतीण सव्वा महिना, म्हणजे साधारण चाळीस दिवस, खोलीत राहते. आयुर्वेदात सूतिकाकाल, म्हणजे प्रसूतीनंतर शरीर पूर्वस्थितीला येण्याचा काळ, सुमारे दीड महिन्याचा मानला आहे, आणि प्रसूतितज्ज्ञांची शेवटची तपासणीही सहा आठवड्यांनी होते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ज्या गृहभेटींच्या पद्धतीचा पाया घातला आणि जी २०११पासून देशभर स्वीकारली गेली, तिच्यातील आशा कार्यकर्तीची शेवटची भेट ४२व्या दिवशी असते. पुढे तिसऱ्या महिन्यापासून ज्या भेटी पुन्हा सुरू होतात, त्यांचा रोख मुख्यतः बाळाच्या वाढीवर असतो. म्हणजे दीड महिना उलटल्यावर बाळाची विचारपूस करणारे पुष्कळ असतात, पण आईने आज काय खाल्ले, तिचे पाय मोकळे झाले का, हे विचारणारे कोणी उरत नाही. नव्या आईला चांगल्या सवयी टिकवता येत नाहीत अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ तिच्या निश्चयाच्या कमतरतेत नसून या अचानक संपणाऱ्या व्यवस्थेत आहे.

सव्वा महिन्याच्या रीतीतील बऱ्याच समजुती आज टिकणाऱ्या नाहीत, तरीही ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण तिच्यात बाळंतिणीने स्वतः काहीच करायचे नसते. डिंकाचे लाडू हे त्याचे उत्तम उदाहरण होय. खारीक फोडून, वाळवून कुटावी लागते. सुके खोबरे किसून, खसखस निवडून वेगवेगळी भाजावी लागतात. डिंकाचे खडे तुपात थोडेथोडे सोडून मंद आचेवर तळावे लागतात, कारण घाई झाली तर ते वरून फुलतात, आतून कच्चे राहतात आणि दाताला चिकटतात. शेवटी गुळाचा पाक साधून मिश्रण गरम असतानाच लाडू वळावे लागतात. एका सकाळचे हे काम बाळंतिणीची आई, सासू किंवा मावशी करते आणि बाळंतिणीच्या हातात येतो तो तयार लाडू. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून ओल्या खोबऱ्यात आणि गुळात शिजवणे, बाजरीची भाकरी तुपात कुस्करून तिच्याबरोबर लसणाची चटणी देणे, जेवणानंतर बाळंतशेपा आणि ओवा हातावर ठेवणे, रोज ठरावीक वेळी अंगाला तेल लावणे, या सगळ्यांमागे दुसऱ्या कोणाचे तरी हात आणि दुसऱ्या कोणाची तरी आठवण असते.

या खाद्यपदार्थांचे पोषणमूल्य पाहिले तर जुन्या बायकांचा अंदाज एका बाबतीत आश्चर्यकारकरीत्या अचूक दिसतो. केवळ अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध लागते आणि ते तयार करण्यात आईची मोठी ऊर्जा खर्ची पडते. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२०च्या शिफारशींत स्तनपान देणाऱ्या आईसाठी पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० किलोकॅलरी अधिक सांगितल्या आहेत. किलोकॅलरी हे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे माप आहे. मध्यम आकाराच्या एका डिंकाच्या लाडवातून साधारण २०० किलोकॅलरी मिळत असल्याने तीन लाडवांत ऊर्जेची ही वाढीव गरज भागते.

प्रथिनांचा हिशोब मात्र या लाडवांत जुळत नाही. स्नायू आणि पेशी घडवणाऱ्या या घटकाची गरज पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे १७ ग्रॅमने वाढते, तर तूप, गूळ आणि खोबऱ्यातून प्रथिने अगदी थोडी येतात. ती यायची तर ताटात वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, कुळथाचे पिठले, दही, आणि चालत असेल तर अंडे किंवा मासळी असावी लागते. त्यातच अनेक घरांत पालेभाज्या, फळे आणि पोटभर पाणी यांनाच मनाई होते. केळे खाल्ल्याने किंवा साधे पाणी प्यायल्याने अंगावरचे दूध ‘गार’ होऊन बाळाला सर्दी होते, ही समजूत निराधार आहे, कारण दूध शरीराच्या तापमानालाच तयार होते. उलट पाणी आणि चोथा कमी पडल्याने बद्धकोष्ठ होऊन टाके घातलेल्या जागेवर ताण येतो, आणि तो त्रास बाळंतीण बहुतेक वेळा मुकाट्याने सोसते.

दुसरा हिशोब लोहाचा आहे. २०१९–२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेल्या, आढळल्या. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. बाळंतपणात रक्त जातेच, म्हणून शासकीय कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस रोज लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी घेण्यास सांगितले आहे. ही गोळी सव्वा महिन्यानंतर घेणाऱ्या किती जणी असतील, याचा प्रत्येक घराने आपल्यापुरता विचार करावा. गोळी आणि पालेभाजीतले लोह अंगी लागण्यासाठी जेवणात लिंबू किंवा आवळा असणे आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवणे या दोन गोष्टी औषधाइतक्याच कामाच्या आहेत. जी स्त्री जिना चढताना धापा टाकते, तिला व्यायामाचा उत्साह नाही असे म्हणण्याआधी तिचे रक्त तपासले पाहिजे.

यापुढचा टप्पा नाजूक आहे, कारण सहा महिन्यांच्या सुमारास वरचे अन्न सुरू होऊन दुधाची मागणी हळूहळू उतरते, पण लाडू, तूप आणि ‘दोघांसाठी खा’ हा आग्रह मात्र तसाच राहतो. मग वजनाची चर्चा सुरू होते आणि तिच्याबरोबर उपाशी राहण्याचे प्रयोगही सुरू होतात. वास्तविक घाईची गरज नाही. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, जास्त वजनाच्या स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी आहारात माफक कपात आणि नियमित व्यायाम केल्यावर त्यांचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलोने उतरले आणि त्यांच्या बाळांच्या वाढीत काहीही उणे पडले नाही. माफक व्यायामाने दूध आटते हे भयही अशा अभ्यासांनी दूर केले आहे. गरोदरपणातच ज्यांना मधुमेह झाला होता, त्यांनी मात्र वजनाच्या काट्यापेक्षा साखरेच्या तपासणीकडे लक्ष द्यावे. ही साखर बाळंतपणानंतर बहुधा उतरते, पण पुढील आयुष्यात मधुमेह होण्याची शक्यता अशा स्त्रियांत कितीतरी अधिक असते. म्हणून सहा आठवड्यांनंतर ग्लुकोज पाजून केली जाणारी चाचणी आणि पुढे ठरावीक वर्षांनी तिची पुनरावृत्ती आवश्यक ठरते, आणि बाळाच्या लसीकरणाच्या धांदलीत नेमकी हीच चाचणी राहून जाते.

व्यायामाविषयी बोलताना आधी पोटाची रचना समजून घेणे इष्ट आहे. पोटाच्या मध्यभागी वरून खाली येणारे दोन उभे स्नायू एका चिवट पट्टीने जोडलेले असतात. गर्भ वाढताना ही पट्टी ताणून रुंद होते आणि स्नायू एकमेकांपासून दूर सरतात. उताणे झोपून, गुडघे दुमडून, डोके किंचित उचलताना बेंबीच्या आसपास बोटे टेकवली तर ही फट हाताला लागते. ती काही महिन्यांत पुष्कळशी भरून येते, पण दोन बोटांहून अधिक रुंद राहिली तर भौतिकोपचारतज्ज्ञाला दाखवणे योग्य. पोटाला सुती कापड किंवा पट्टा बांधल्याने आधार वाटतो आणि तो आधार खराही असतो, पण पट्टा स्नायूंचे काम करत नाही. दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे ओटीपोटाचा तळ, अर्थात मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झेलणारे स्नायू. शिंकताना किंवा खोकताना लघवीचे थेंब जाणे हे त्यांच्या दुबळेपणाचे लक्षण आहे, आणि ‘बाळंतपणानंतर हे असे व्हायचेच’ असे सांगून ते वर्षानुवर्षे झाकून ठेवण्यात स्त्रियांचे फार नुकसान झाले आहे. लघवी रोखून धरल्यासारखे हे स्नायू वर खेचायचे, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे आणि असे दहा वेळा दिवसातून तीनदा करायचे, इतका साधा हा व्यायाम आहे. साध्या प्रसूतीनंतर तो पहिल्या काही दिवसांतच, आणि लघवीची नळी काढल्यावर सिझेरियन झालेल्या आईलाही, पडल्या पडल्या करता येतो.

त्यानंतरचा व्यायाम म्हणजे चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये प्रसूत स्त्रियांसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे, पण तिथपर्यंत सावकाश पोचायचे असते आणि दहा मिनिटांपासून केलेली सुरुवातही त्यात धरली जाते. सूर्यनमस्कार महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा व्यायाम आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा मोठा प्रसार केला आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. तथापि त्यातील मागे वाकण्याच्या आणि हातांवर अंग तोलण्याच्या स्थितींत पोटाच्या त्याच ताणलेल्या पट्टीवर भार येत असल्याने, ती फट मिटेपर्यंत आणि सिझेरियनचा व्रण पक्का होईपर्यंत ते थांबवणेच शहाणपणाचे आहे.

हे सारे माहीत असूनही टिकत का नाही, याचे उत्तर सवयीच्या स्वरूपात आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी नवी कृती आपोआप घडू लागण्यास लागणाऱ्या दिवसांचा मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, ६६ दिवस आला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारख्या साध्या कृतींपेक्षा व्यायामाला अधिक दिवस लागले, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. हा शेवटचा निष्कर्ष नव्या आईच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. बाळाच्या झोपेचे वेळापत्रक दर आठवड्याला बदलत असताना ‘रोज सकाळी सहा वाजता’ हा संकल्प मोडणारच. म्हणून घड्याळाऐवजी दिवसात हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीशी सवय जोडावी लागते. प्रत्येक वेळी दूध पाजायला बसण्याआधी पाण्याचा तांब्या आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे जवळ घेणे, बाळाची लंगोटी बदलून झाली की ओटीपोटाचे स्नायू दहा वेळा आवळणे, संध्याकाळी बाळाला फिरवण्याचे निमित्त करून स्वतः वीस मिनिटे चालणे, या सवयी लहान दिसतात, पण त्यांना वेगळा वेळ काढावा लागत नाही.

तरीही चाळिसाव्या दिवशी सुटलेली व्यवस्था सगळी आईच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. पतीने संध्याकाळचा अर्धा तास बाळ सांभाळणे, रात्रीच कडधान्य भिजत घालणे, गोळीची आठवण ठेवणे ही कामे मदतीच्या नव्हे तर कर्तव्याच्या सदरात मोडतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ आईचे मन खिन्न राहिले, भूक आणि झोप उडाली, तर तिला डॉक्टरांकडे नेण्याची जबाबदारीही त्याच सदरातली आहे. नोकरदार स्त्रीला २०१७च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. त्यामुळे अशा स्त्रीला सवय रुजवण्यापुरता अवधी तरी मिळतो.

ऊसतोडीला जाणारी, वीटभट्टीवर राबणारी किंवा दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने जाणारी आई या कायद्याच्या लाभाबाहेरच राहते. तिला व्यायामाचा सल्ला देण्यात अर्थ नाही. तिला विश्रांती आणि अन्न हवे आहे. राज्याच्या आदिवासी भागांत २०१५पासून सुरू असलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण दिले जाते. शिधा घरी नेला की तो सगळ्यांत वाटला जातो आणि आईच्या वाट्याला शेवटचे उरलेले येते, या अनुभवाला हे उत्तर आहे, आणि आईला तयार ताटावर बसवण्याची सव्वा महिन्याची रीत इथे शासनाने उचलली आहे. स्तनदा मातेसाठी ही सोय सहा महिन्यांपर्यंतच असते. पुढच्या सहा महिन्यांतही रोज ५२० किलोकॅलरी अधिक लागतात असे देशाचीच पोषण संस्था सांगत असल्याने या जेवणाची मुदत बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत नेली पाहिजे, आणि हीच सोय साखर कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहणाऱ्या ऊसतोड मातांपर्यंतही पोचली पाहिजे.