मात्रा : कागदावरच्या आणि कानातल्या

मराठीच्या पदवी वर्गांत वृत्त हा विषय बहुधा कागदावर सुरू होतो आणि कागदावरच संपतो. ओळ दिली जाते. विद्यार्थी अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करतात, तीन-तीन अक्षरांचे गण पाडतात, 'यमाताराजभानसलगं' ह्या सूत्राशी ते ताडून पाहतात आणि वृत्ताचे नाव लिहितात. गुण मिळतात. ह्या साऱ्या व्यवहारात ती ओळ एकदाही कोणाच्या कानावर पडली नाही, तरी काही अडत नाही. वृत्त ओळखता यावे पण ऐकू येऊ नये, ही स्थिती आम्हांला चिंताजनक वाटते. आणि भाषेचा ध्वनी मेंदू कसा ग्रहण करतो ह्याविषयी गेल्या काही दशकांत झालेले संशोधन वाचताना ही चिंता अधिकच बळावते.

त्या संशोधनाचा गाभा थोडक्यात सांगायचा तर असा, की ऐकणे हे मूलतः काळाचे मापन आहे. साध्या व्यंजनाचेच उदाहरण घेऊ. 1964 साली ली लिस्कर आणि आर्थर एब्रमसन ह्या अभ्यासकांनी अकरा भाषांतील शब्दारंभीची स्पर्शव्यंजने तपासली. त्या अकरांत मराठीही होती. मुखातील अडथळा सुटण्याचा क्षण आणि कंठातील कंपन सुरू होण्याचा क्षण, ह्यांतील अंतर त्यांनी मोजले. 'ग' उच्चारताना कंपन आधीच सुरू झालेले असते, 'क' मध्ये ते अडथळा सुटल्यावर जवळजवळ लगेच सुरू होते, 'ख' मध्ये बऱ्याच उशिरा. 'गार' आणि 'खार' ह्या शब्दांतील भेद आपण ओळखतो तो सेकंदाच्या काही शतांश भागांच्या हिशेबावर. विशेष म्हणजे मराठी आणि हिंदीतील 'घ', 'ध', 'भ' ह्या घोष महाप्राणांनी ह्या मोजपट्टीची मर्यादाही दाखवून दिली. 'ग' आणि 'घ' केवळ त्या एका अंतराने वेगळे करता येत नाहीत.

व्यंजनाहून मोठे एकक अवयवाचे, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या स्वरयुक्त ध्वनिगटाचे. अनेक भाषांतील बोलण्याचे ध्वनिमुद्रण मोजले असता आवाजाचा चढउतार सेकंदाला सुमारे पाच वेळा होतो, असे आढळते. साधारण तोच अवयवांचा वेग. मेंदूतील श्रवणकेंद्राच्या विद्युत्क्रियेतही सेकंदाला चार ते आठ ह्या गतीची आंदोलने असतात आणि बोलणे ऐकताना ती बोलण्याच्या लयीशी जुळत जातात, अशी मांडणी आन-लीझ जिरो आणि डेव्हिड पोपेल ह्यांनी 2012 मध्ये केली. ही जुळणी मेंदूच्या अंगभूत लयीची, की प्रत्येक आघाताला मिळणाऱ्या प्रतिसादांची केवळ मालिका, हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु लय म्हणजे अपेक्षा, हे बऱ्यापैकी प्रस्थापित झाले आहे. 2009 मधील एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या अर्भकांना तालवाद्याचा ठेका ऐकवला गेला. मधूनच त्यातील सम गाळली, तेव्हा त्यांच्या मेंदूने त्या रिकाम्या जागेची नोंद घेतली. न आलेल्या आघाताची नोंद घ्यायची, तर तो येणार ही अपेक्षा आधी असावी लागते.

आता आपल्या छंदःशास्त्राकडे वळू. मात्रा हे कालमापनाचेच एकक आहे. ऱ्हस्व स्वराच्या उच्चाराला लागणारा वेळ ती एक मात्रा. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त पद्याचे छंद, जाति आणि वृत्त असे जे तीन वर्ग केले, तेही काळ विभागण्याच्या तीन पद्धतीच म्हणता येतील. छंदात अक्षरसंख्या मोजायची, जातीत मात्रांची बेरीज पाहायची, वृत्तात लघु-गुरूंचा क्रमच ठरलेला. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यति येतो. वाचकाच्या कानाने तो विराम अपेक्षिलेला नसेल, तर कागदावरची ती खूण निरर्थक ठरते.

मराठीच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. आपले बोलणे आणि आपले वृत्त ह्यांचा काळाचा हिशेब एक नाही. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द घ्या. बहुतेकांच्या बोलण्यात ते सारखेच ऐकू येतात, आणि दोन्हींतील अंत्य 'न' स्वरहीन असतो. म्हणजे प्रत्यक्षात अवयव एकच. वृत्तात मात्र पहिला शब्द लघु-लघु, दुसरा गुरु-लघु. 'कमळ' बोलताना दोन अवयवांत संपते, वृत्तात त्याची तीन अक्षरे पूर्ण उच्चारावी लागतात. तेव्हा मराठीभाषक विद्यार्थ्याला घरच्या बोलीतून वृत्ताचा कान आपोआप लाभत नाही. पद्योच्चार ही वेगळी उच्चारपद्धती आहे आणि ती चालीतून, पाठांतरातून, कीर्तनातून एका पिढीकडून दुसरीकडे येत राहिली. जात्यावरच्या ओवीत चरणांची अक्षरे कमीजास्त होतात, आणि गळा ती जात्याच्या फेऱ्यात सामावून घेतो. हे ऐकलेल्यालाच कळते. नुसत्या अक्षरगणनेत तीच ओवी सदोष ठरते.

कान सवयीने घडतो, ह्यालाही आधार आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब ह्यांनी 2005 मध्ये उत्तर अमेरिकेतील अर्भकांना बाल्कन संगीतातील विषम ताल ऐकवले. सहा महिन्यांच्या मुलांना त्यांतील बिघाड कळला. वर्षाच्या मुलांना कळेनासा झाला. दोन आठवडे घरी ते संगीत ऐकवल्यावर वर्षाच्या मुलांचा कान पुन्हा तयार झाला, प्रौढांना मात्र तेवढ्याने साधले नाही. हा प्रयोग संगीताचा आहे, पद्याचा नव्हे. तो जसाच्या तसा वर्गावर लादता येणार नाही. तरीही वृत्ताची पहिली ओळख पदवीच्या वर्गात, तीही मूकपणे, करून देणाऱ्या व्यवस्थेने त्यापासून काही बोध घ्यावा, असे आम्हांला वाटते.

ह्यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. पहिला, आपल्या पूर्वसूरींना मेंदूविज्ञान ठाऊक होते, हा. पिंगलाची परंपरा सूक्ष्म श्रवणावर उभी आहे. तिला विद्युत्लहरींचे प्रशस्तिपत्र नको. दुसरा, वृत्तबद्ध कविताच मेंदूला मानवते, हा. 1983 मध्ये फ्रेडरिक टर्नर आणि अर्न्स्ट पॉपेल ह्यांनी कवितेची ओळ जगभर सुमारे तीन सेकंदांची असते, असे सुचवले. कल्पना मोहक आहे. परंतु एकोणीस अक्षरांचे शार्दूलविक्रीडित सावकाश म्हणून पाहिले, की ती अपुरी वाटू लागते. मुक्तछंदही अपेक्षा निर्माण करूनच ती मोडतो. अनिलांची कविता मोठ्याने वाचणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. कविता चांगली की सामान्य, हे प्रयोगशाळा ठरवू शकत नाही आणि तिने ते ठरवूही नये.

आमची मागणी साधी आहे. ओळ आधी ऐकवावी, विद्यार्थ्यांकडून म्हणवून घ्यावी आणि मगच तिच्यावर खुणा करायला सांगाव्यात. शाळेत कविता चालीवर म्हणण्याची पद्धत केवळ करमणूक म्हणून नव्हे, तर श्रवणशिक्षण म्हणून जपावी. पदवी परीक्षेत वृत्तावरच्या गुणांतील काही भाग पठणाला द्यावा. वर्ग मोठे असतात, अध्यापकांना गाता येतेच असे नाही, हे आक्षेप आम्हांला परिचित आहेत. पण येथे सुरांची गरज नाही. लघूला लघूइतका, गुरूला गुरूइतका वेळ द्यावा आणि यतीला थांबावे. एवढे कोणालाही साधते. ज्या विद्यार्थ्याने भुजंगप्रयात दहा वेळा म्हटले आहे, त्याला गण पाडण्यापूर्वीच ओळ कोठे अडखळली ते कळते. गणांचे सूत्र त्याच्या कानाला झालेल्या जाणिवेला फक्त नाव देते.