पुतळ्याची साक्ष

चिलखती वाहनाखाली सुरुंग उडवून त्याची परीक्षा घ्यावयाची, तर आत जिवंत माणूस बसविता येत नाही. पुतळा बसवावा लागतो. सैनिकाचा पाय वाचेल की मोडेल, याचा निर्वाळा त्या पुतळ्याच्या अंगातील मापकयंत्रे देतात. तेव्हा हा साक्षीदार भरवशाचा आहे काय, हा प्रश्न गौण नव्हे.

दीर्घकाळ ही साक्ष ‘हायब्रिड-३’ने दिली. जनरल मोटर्सने १९७०च्या दशकात तो घडविला, तो मोटारींच्या समोरून होणाऱ्या टकरींसाठी. टकरीचा आघात सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास टिकतो. सुरुंगाचा आघात मात्र तळातून वर येतो आणि काही सहस्रांश सेकंदांत टाच, नडगी व पाठीचे मणके मोडतो. त्या आघातात या पुतळ्याचा पाय मानवी पायाहून फार ताठर ठरतो; म्हणून ‘मिल-एलएक्स’ हा निराळा पाय तयार करण्यात आला. नडगीवरील भाराची स्वीकृत मर्यादा जुन्या पायासाठी ५.४ किलोन्यूटन, तर नव्यासाठी २.६. मोजणारा बदलला की माप बदलते, ते असे! शिवाय ही मर्यादा म्हणजे अभय नव्हे. तेथेही शंभरात दहा जणांना हाड मोडण्याजोगी इजा होण्याचा धोका गृहीत धरलेला असतो.

इराक व अफगाणिस्तानातील अनुभवानंतर अमेरिकन लष्कराने ‘वायमॅन’ हा खास पुतळा विकसित करविला. त्याची मापे मृतदेहांवरील प्रयोगांतून ठरली. परंतु लष्करी स्फोटचाचण्यांत काही देह दात्यांच्या वा आप्तांच्या संमतीविना वापरले गेल्याचे रॉयटर्सने २०१६ साली उघडकीस आणले. सैनिकाचे रक्षण हा हेतू उदात्त खरा. पण फसवणुकीने मिळविलेल्या देहाचे समर्थन त्याने होत नाही.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी भूसुरुंगाने १५ पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक यांचा बळी घेतला. ते साध्या खासगी वाहनातून जात होते; तेथे चिलखतच नव्हते. मात्र जवानांना चिलखती वाहन देताना ते कोणाच्या देहाच्या मापाने तपासले, हेही विचारले पाहिजे. ‘हायब्रिड-३’चा प्रमाणदेह सुमारे ७८ किलो वजनाच्या अमेरिकन पुरुषाचा आहे. हलक्या बांध्याच्या जवानास किंवा महिला पोलिसास तेच आसन तितकेच तारील, असे मानण्यास आधार नाही. उसन्या देहाच्या साक्षीवर उत्तीर्णतेचा शिक्का मारणे सोपे असते. त्या शिक्क्याची किंमत चुकवितो तो आत बसणारा.